तिसरी पुकार

“चहा राहू द्या, एस्तेरबाई. आधी बोलू.”

थोमामामांनी कप बाजूला सारला तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय. चहा नाकारणारा माणूस तो नव्हेच. शिवाय आदल्या रविवारी याच पडवीत बसून त्यांनी आईला “विहीणबाई” म्हटलं होतं, मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला होता आणि वर “सुगरण आहात” असा दाखला दिला होता. बुधवारी विहीणबाईंच्या पुन्हा एस्तेरबाई झाल्या होत्या.

थोमा साळवे म्हणजे माझे होणारे सासरे. मिशनच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि तालुक्याच्या देवळातले थोरले पंच. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. त्यांच्याशेजारी नवे पाळकसाहेब बसले होते, वयानं माझ्याच बरोबरीचे. त्यांची नेमणूक अजून कायम झाली नव्हती आणि ती करणं पंचांच्या हातात होतं. त्यामुळे थोमामामांनी मान हलवली की पाळकांची मान आपोआप हलायची.

आई गावची सरपंच होती. तिचा जन्म मिशन दवाखान्यात नर्स म्हणून गेला. बाबा वारल्यावर ती गावी येऊन राहिली आणि सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा गावानंच तिला उभं केलं. आमची ख्रिस्ती घरं मोजून चार. निवडून दिलं ते बाकीच्या गावानं, कारण अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची.

“पेपरातला फोटो पाहिला,” थोमामामा म्हणाले.

फोटो मीही पाहिला होता. आई पदर खोचून वाकलेली, हातात नारळ, पुढ्यात दगड, मागं नवी पाण्याची टाकी आणि घागरी घेतलेल्या बाया. एवढा चांगला फोटो आईचा कधीच आला नव्हता.

खरं तर सगळं आधी ठरलेलं होतं. आई फीत कापणार आणि नारळ उपसरपंच जालिंदर नाना फोडणार. आईनं ते त्याला सरळ सांगितलंही होतं, की नाना, आमच्यात चालत नाही, एवढं तुम्ही सांभाळा. जालिंदर म्हणाला, “त्यात काय बाई, आपण हाये ना.” आणि ऐन वेळी, आमदारांच्या आणि गावाच्या देखत, नारळ आईच्या हातात ठेवून दोन पावलं मागं सरला. “मान तुमचा बाई. तुम्हीच पाणी आणलं.” बायांनी टाळ्या वाजवल्या. आई क्षणभर नारळाकडे बघत राहिली आणि मग तिनं तो फोडला. जालिंदर हसला. ते हसू मला तेव्हा कौतुकाचं वाटलं होतं.

“हात जोडले नाहीत मी,” आई पाळकांना म्हणाली. “मनात प्रभूची प्रार्थना म्हटली आणि फोडला.”

“म्हणजे प्रभूचं नाव घेऊन फोडला?” थोमामामांनी विचारलं. “मग तर जास्तच वाईट.”

“बाया सकाळपासून घागरी घेऊन उभ्या होत्या थोमाभाऊ. मी नाही म्हटलं असतं तर जालिंदर म्हणाला असता, बाईला गावाची खुर्ची गोड आणि गावाचा नारळ कडू.”

“म्हणू द्यायचं होतं.” थोमामामांचा आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे, पोरं त्यालाच घाबरायची. “माझ्या आजोबांनी हा नारळ फोडायचं नाकारलं, म्हणून गावानं त्यांचं पाणी तोडलं होतं. माझी आजी गावाबाहेरच्या डबक्यातून पाणी आणायची. त्या डबक्याच्या पाण्यानं तिची दोन लेकरं गेली. ती काय उगाच गेली?”

“म्हणून तर पाणी आणलं,” आई म्हणाली.

थोमामामांनी पाळकांकडे पाहिलं, पाळकांनी कपाकडे. माणूस अगदीच पोकळ बोलत नव्हता, एवढं मी आजही मान्य करीन. पण नारळाशी त्यांचं तसं काही वैर नव्हतं. दर वर्षी हंगामाच्या सणाला देवळात लोक धान्य, कोंबड्या, भाज्या अर्पण म्हणून आणतात आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. त्यात नारळही असतात. मागच्याच सणाला थोमामामांनी चढ्या बोलीनं एक नारळ घेतला होता आणि सगळ्यांना दिसेल असा काखेत धरून घरी नेला होता. आपला तो बाब्या.

“त्या नारळाचं पुढं काय केलंत?” त्यांनी विचारलं.

“अर्धा माझ्या हातात दिला होता. शेजारच्या हिराबाईसाठी फळीवर ठेवला होता. नेला असेल तिनं.”

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. हिराबाईनं काही नेला नव्हता. रविवारी सकाळी साळव्यांचं जेवण करायचं होतं, घरात सुकं खोबरं नव्हतं, दुकान बंद होतं. फळीवर अर्धा नारळ दिसला, मी तो खवला, कांद्याबरोबर भाजला आणि वाटणात घातला. आई तेव्हा देवळात जायच्या गडबडीत होती. सुगरण म्हणे! मला इतकं हसू यायला लागलं की मी आत निघून गेले.

आतून मला पुढचं ऐकू आलं.

“मंडळीसमोर उभं राहून पापकबुली द्यावी लागेल. तोवर तुमचं प्रभुभोजन बंद. आणि शिस्तीखालच्या घराची पुकार वाचता येत नाही. तसा नियमच आहे.”

आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार देवळात नवरानवरीची नावं पुकारतात आणि कोणाची हरकत आहे का विचारतात. माझ्या दोन पुकारी झाल्या होत्या. तिसरी येत्या रविवारी होती. मंडप सांगून झाला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

आईनं एकच विचारलं, “येत्या रविवारी कबुली दिली तर सगळं त्याच दिवशी मोकळं होईल?”

“सगळं.”

“मग देते.”

थोमामामांनी तेव्हा गार झालेला चहा घेतला.

रात्री प्रबोधचा फोन आला. प्रबोध म्हणजे माझा होणारा नवरा. विमा कंपनीत होता आणि देवळाचं यूट्यूब चॅनल चालवायचा. दिसायला छान, बोलायला गोड, आणि वडिलांसमोर कणाच नाही असा.

“अगं, पाच मिनिटांचं काम आहे. बोलून टाकू देत. मी शूट करतो आणि मंडळीच्या ग्रुपवर टाकतो. एकदा सगळ्यांनी पाहिलं की तोंडं बंद.”

“माझी आई आहे ती प्रबोध.”

“माझीपण आईच होणार ना आता? मी असं टाकीन का काही? छान एडिट करतो. मागं हलकं संगीत देतो.”

तेव्हाच मोडायला हवं होतं. पण आईनं देते म्हटलं होतं, आणि ती ते माझ्यासाठी करतेय या विचारानं मी नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. शनिवारी ती पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस. त्या दिवशी आई हीच साडी नेसायची आणि आदल्या संध्याकाळपासून कडक उपास धरायची. पाण्याचा घोटसुद्धा नाही. कोरड्या तोंडानं जायचं आणि पहिला घास प्रभूचा घ्यायचा, हे तिचं तिनंच ठरवलेलं होतं.

“नको करूस आई,” मी म्हटलं. “रजिस्टर लग्न करू आम्ही. नाही तर नकोच मला तो.”

“गप्प बस. तुला कळत नाही.”

“काय कळायचंय त्यात? तो माणूस तुला सगळ्यांसमोर कान धरून उभं करणार.”

“करू दे,” आई म्हणाली आणि इस्त्री साडीच्या काठावरून नेत राहिली.

रविवारी देऊळ भरलं होतं. एरवी कंटाळा करणारे लोकही आले होते. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि वेदीजवळ तीन पायांच्या स्टँडशेजारी हातात मोबाईल घेतलेला प्रबोध.

मला वाटलं होतं, आई दोन वाक्यं बोलेल आणि खाली बसेल. पण थोमामामा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. “माझ्यामागून म्हणा.”

आईनं मान हलवली.

“मी, एस्तेर दाविद ओहोळ.”

“मी, एस्तेर दाविद ओहोळ.”

“पदाच्या मोहाला बळी पडून.”

आई थांबली. मोह कसला? रात्री-अपरात्री बाळंतिणींसाठी धावणारी बाई. ती थांबलेली पाहून थोमामामांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, वर्गात चुकलेल्या पोराला म्हणावं तसं.

“पदाच्या मोहाला बळी पडून,” आई म्हणाली.

“नारळ फोडण्याचं पाप केलं.”

“नारळ फोडण्याचं पाप केलं.”

“मोठ्यानं म्हणा. मागं ऐकू जात नाही.”

तिनं मोठ्यानं म्हटलं. तिची मान खाली होती. आणि तेवढ्यात प्रबोध एक पाऊल पुढे आला, अगदी हळू आणि अगदी आदरानं म्हणाला, “आई, जरा वर बघा. चेहरा अंधारात येतोय.”

आईनं वर पाहिलं.

मी त्या देवळात वाढले. तिथंच मी बाप्तिस्मा घेतला, तिथंच नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाले. तिथल्या भिंतींनाही माझी ओळख होती. पण त्या क्षणी मला तिथल्या एकाएकाचा गळा धरावासा वाटला. आणि कोणी काही म्हटलं नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. एका बाईनं तेवढं आपल्या सुनेला खुणावून पुढं सरकायला सांगितलं, नीट दिसावं म्हणून.

कबुली संपली. पाळकांनी क्षमेची प्रार्थना केली, थोमामामांनी आईशी हात मिळवला आणि आई जागेवर येऊन बसली. तिचा चेहरा शांत होता. मला तो मेलेला वाटला.

पाळकांनी कागद उचलला. “प्रबोध थोमा साळवे आणि सुवार्ता दाविद ओहोळ यांच्या विवाहाची ही तिसरी आणि शेवटची पुकार. कोणाची काही हरकत असल्यास त्यांनी आता सांगावी.”

“माझी आहे,” म्हणत मी उभी राहिले.

कोणीतरी हसलं. नवरीनंच हरकत घ्यायची, असं कधी झालं नव्हतं. प्रबोधनं आधी मोबाईल माझ्याकडे वळवला, मग माझं तोंड पाहून खाली केला.

“शिस्तीखालच्या घराची पुकार वाचता येत नाही, असं थोमामामांनीच सांगितलं,” मी म्हटलं. “मग आधी साळव्यांचं घर शिस्तीखाली घ्या. त्यांनी त्या नारळाचं खाल्लंय. गेल्या रविवारी आमच्याकडे. रश्श्याचं वाटण त्याच नारळाचं होतं. प्रबोधनं खाल्लं, मामींनी खाल्लं, मामांनी दोनदा मागून घेतलं. सगळ्यांना रांगेनं उभं करा, मी शूट करते.”

बायकांच्या बाजूला पदर तोंडाला गेले. थोमामामांचा चेहरा पांढरा पडला आणि मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण हेडमास्तर शेवटी हेडमास्तर. त्यांनी डोळे मिटले, पाठांतरातलं काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि उघडले.

“शास्त्र स्पष्ट आहे. पुढ्यात आलेलं जो न जाणता खातो त्याला दोष नाही. दोष आहे तो जाणून वाढणाऱ्याचा.” त्यांनी आमच्या बाकाकडे पाहिलं. “कोणी घातलं ते वाटण?”

मी तोंड उघडलं.

“मी,” आई म्हणाली.

ती उभी राहिली होती. “मी घातलं. पोरीला तेव्हा माहीत नव्हतं. हिराबाईला दिला म्हणाले, ते मी खोटं बोलले.”

“आई खोटं आत्ता बोलतेय,” मी ओरडले. “वाटण मी...”

“खाली बस!” वॉर्डातल्या नातेवाइकांना गप्प करायचा तिचा आवाज होता तो. माझे पाय आपोआप वाकले.

“कबुली देऊन घटकाही झाली नाही,” थोमामामा मंडळीला म्हणाले. आता त्यांच्या गालांवर रंग परत आला होता. “मुलीचा दोष नाही. ती भावनेच्या भरात बोलली. पुकार पूर्ण झाली असं समजावं.”

पाळकांची मान हलली.

“समजा खुशाल,” मी म्हटलं. “लग्न होणार नाही.” साखरपुड्याची अंगठी मी अर्पणाच्या थाळीत टाकली. ती पुढं साळव्यांनी परत नेली की देवळात जमा झाली, मला माहीत नाही. मी आईचा हात धरला. “चल.”

तिनं हात सोडवून घेतला.

मी दाराशी चपला घालून उभी राहिले. आत भोजनाचा विधी सुरू झाला. लोक रांगेनं वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकत होते. आई गेली. शेवटच्या रांगेत, कडेला, तिनं गुडघे टेकले आणि ओंजळ पुढं केली. पाळक भाकर देत तिच्यापर्यंत आले आणि थांबले. त्यांनी थोमामामांकडे पाहिलं. थोमामामांच्या हातात द्राक्षरसाच्या लहान पेल्यांचं तबक होतं. त्यांनी मान हलवली, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. पाळक तिला गाळून मागं वळले. रांगेतल्या बाकीच्यांना पेला देत थोमामामाही आले, आणि तबक तिच्या डोक्यावरून वळवून घेऊन गेले. रांग उठली. आई ओंजळ तशीच धरून बसली होती. शेवटी झाडलोट करणाऱ्या बाईनं तिला खांद्याला धरून उठवलं.

आम्ही जीपनं गावी आलो. आमच्या आधी व्हिडिओ पोचला होता. प्रबोधनं त्याचं काम चोख केलं होतं, माझी हरकत कापली होती, आईची कबुली ठेवली होती आणि मागं संगीत दिलं होतं. मंडळीच्या ग्रुपवरून तो कुठंकुठं गेला असेल कोण जाणे.

हिराबाई नव्या नळाशी घागर भरत होती. आईला बघून ती उठली नाही.

“बाई, एक इचारू का?” ती म्हणाली. तिची तिन्ही पोरं आईच्या हातावर जन्मली होती. “आमचा नारळ पाप व्हता का ओ?”

आईनं पदर सावरला.

“न्हाई, पाणी तर गोडच हाये,” हिराबाई म्हणाली, घागर कमरेवर घेतली आणि गेली. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात. आईनं तर टाकीच बांधून दिली होती.

अविश्वास ठराव पुढच्याच महिन्यात आला. जालिंदर डोळ्यांत पाणी आणून बोलला, की ज्या बाईला गावाचा नारळ पाप, तिनं गावाची सरपंचकी तरी कशाला बाटवावी? सगळे हात वर गेले. आणि देवळात आईला पुन्हा कधीच भोजन मिळालं नाही. वाटणाची कबुली द्यावी तर ती खोटी, आणि वाटण आपण घातलं नाही म्हणावं तर मी अडकणार. खोटी कबुली देऊन प्रभूचा घास घेणारी ती नव्हती. मी नंतर दोनदा पंचांना लिहून दिलं की ते वाटण माझं होतं. त्यांनी उत्तर पाठवलं, मुलीचं आईवर प्रेम असणं स्वाभाविक आहे. मरेपर्यंत आई मागच्या बाकावर बसत राहिली आणि लोक कठड्याकडे जाताना पाय बाजूला घेत राहिली.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दुपारी आई पांढऱ्या साडीची घडी घालत होती आणि मी तिच्यामागं फिरत, रडत आणि बोलत होते. बरं झालं सुटलो, म्हणत होते. कसली माणसं ही, म्हणत होते.

“माझ्या लग्नासाठी तू त्या माणसापुढं पोपटासारखी बोललीस, आई. मला ते बघवलं नाही.”

“तुझ्या लग्नासाठी?” आईचे हात थांबले. “लग्न काय गं, कचेरीतपण लागतं. तूच म्हणालीस ना?”

“मग कशासाठी?”

“मला भोजन घ्यायचं होतं.” तिला आश्चर्य वाटलं होतं, की एवढं साधं मला कसं कळलं नाही. “तुझे बाबा गेले त्या आठवड्यातपण मी चुकवलं नाही. तो म्हणाला माझ्यामागून म्हणा, मी म्हटलं. आणखी दहा वाक्यं सांगितली असती तर तीपण म्हटली असती. मी काय त्याच्याशी बोलत होते का?”

आईनं साडीची शेवटची घडी घातली.

“तू थोडा वेळ शांत बसली असतीस सुवार्ते, तर मला मिळालं असतं.”

“मग मधे कशाला उठलीस?” मी चिडून म्हटलं. “मी घातलं ते मला सांगू द्यायचं.”

“तुझं बंद केलं असतं त्यांनी.”

“करू देत की! मला काय त्याचं? मी कधीची मानतच नाही त्यातलं काही.”

हे मी घरात पहिल्यांदाच बोलले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. रागानं नाही. बाजारातून फार महाग काही घेऊन यावं आणि घरच्यांनी ते नकोच होतं म्हणावं, तसं पाहिलं.

“ते तू आधी सांगायचंस,” ती म्हणाली.

तिनं घडी कपाटात ठेवली. स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. शनिवार संध्याकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

“भात असेल तर वाढ,” ती म्हणाली. “आता उपास कशासाठी धरायचा?”

मी ताट वाढलं. नव्या नळाचं पाणी तांब्यात भरून शेजारी ठेवलं. ती आधी पाणीच प्यायली.